मुंबई आंदण दिली, पण दिली कुणी?

ओसरी

परवा भाचीचा इतिहासाचा अभ्यास घेत होते. "पोर्तुगालच्या राजाने इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण दिली," हे तिने घडाघडा म्हणून दाखवलं आणि वर विचारलं, "मावशी, कुठला राजा?" घेणारा दुसरा चार्ल्स, नवरदेव, तो ठाऊक होता. देणाऱ्याचं नाव काही केल्या आठवेना. भाची पुढच्या धड्यावर गेली, मी तिथेच अडकले.

तह झाला २३ जून १६६१ रोजी. तेव्हा लिस्बनच्या गादीवर सहावा अफोन्सु होता. वय १७, लहानपणच्या आजारात एक बाजू लुळी पडलेली, डोकंही थाऱ्यावर नसायचं असं म्हणत. कारभार बघत होती त्याची विधवा आई. नवरी कातारिना ही त्याची बहीण, म्हणजे मुंबई दिली ती नवरीच्या आईने. बाईचं नाव लुईसा दे गुझमान, आणि ती पोर्तुगीज नव्हतीच. माहेर स्पेनचं, आणि पोर्तुगालची लढाई चालू होती ती स्पेनशीच!

तिच्या माहेरची वंशावळ बघायला बसले आणि रात्रीचे दोन वाजले. जमेल तेवढं सांगते.

गुझमान म्हणजे मेदिना सिदोनियाचे ड्यूक, स्पेनच्या दक्षिण टोकाचे, अंदालुसियातले बडे जमीनदार. मूळपुरुष ‘गुझमान एल बुएनो’, म्हणजे भला गुझमान. १२९४ साली तारिफाच्या किल्ल्याला वेढा पडला. शत्रूने याच्या मुलाला तटाखाली आणून उभं केलं, किल्ला दे नाहीतर पोराला मारतो म्हणून. याने वरून स्वतःचा खंजीर फेकला म्हणे, मारायचंच तर हा घ्या. किल्ला वाचला, पोरगा गेला. (पोराच्या आईला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न माझा.) पुढे या घराण्याकडे टूना माशाचा मक्ता आला. आपल्याकडचा कुपा याच गोतातला, पण तिकडचा एकेक मासा माणसापेक्षा जड. दर वसंतात हे थवे अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरतात. त्यांच्या वाटेवर किनाऱ्यालगत जाळ्यांची एकात एक दालनं लावायची, मासा आत आत येत जातो, आणि शेवटच्या दालनात तळाचं जाळं सगळ्यांनी मिळून वर ओढायचं. ड्यूकसाहेबांची श्रीमंती या जाळ्यातून वर आलेली.

लुईसाचा जन्म १६१३चा. आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, सातवे ड्यूक. १५८८ साली इंग्लंडवर चालून गेलेल्या आरमाराचे सेनापती हेच. खरं तर आधीचा सेनापती ऐन वेळी वारला आणि राजा दुसऱ्या फिलिपने यांना नेमलं. यांनी उत्तर पाठवलं की मला बोट लागते, समुद्रावर गेलो की पडसं होतं, आरमारातलं मला काही कळत नाही, दुसरा कुणी बघा. इतकं प्रांजळ पत्र दरबारी माणसाच्या हातून क्वचितच उतरलं असेल. राजाने ऐकलं नाही. सुमारे १३० जहाजं घेऊन निघाले, इंग्रजांपुढे हार खाल्ली, ते सगळ्यांना माहीत आहे. १६१५ साली वारले, नात तेव्हा जेमतेम दुडुदुडु चालत असेल.

या आजोबांची सासू, म्हणजे लुईसाची पणजी, तिचं नाव आना दे मेंदोझा, एबोलीची राजकन्या. एका डोळ्यावर काळी पट्टी. चित्रात बघाल तर पट्टीकडे आधी लक्ष जात नाही, चेहऱ्याकडे जातं. नवरा दुसऱ्या फिलिपचा उजवा हात. तो १५७३ साली गेल्यावर ही नन व्हायला निघाली, ती स्वतःच्याच जहागिरीत, पास्त्रानाच्या मठात, आणि सोबत दासी घेऊन. मठ संत तेरेसाने स्थापलेला, कडक शिस्तीचा. बाईसाहेबांचा तोरा काही उतरेना. शेवटी नन मंडळींनीच एका रात्री गुपचूप मठ सोडला. पुढे राजाच्या सचिवाबरोबरच्या भानगडी, एका खुनाचं प्रकरण, आणि १५७९ पासून कैद. शेवटची वर्षं तिने पास्त्रानाच्या आपल्याच वाड्यात नजरकैदेत काढली. वाड्यासमोरच्या चौकाला आजही ‘तासाचा चौक’ म्हणतात. गजांच्या खिडकीतून रोज एकच तास बाहेर बघायची तिला मुभा होती, म्हणून ते नाव, असं गावकरी सांगतात. १५९२ साली तिथेच गेली.

आईकडची बाजू उद्या टाकते. ती याहून भारी आहे. डोळे मिटतायत.

तांबडा_रस्सा

वाचतोय. बोट लागणारा सेनापती फारच आवडला. आमच्या खात्यात असे बरेच आहेत, फक्त पत्र लिहीत नाहीत.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण "ती पोर्तुगीज नव्हतीच" हे जरा जपून. तुम्ही ज्या एबोलीबाईंचं लिहिलंत, त्यांचा नवरा रुई गोमेझ दे सिल्वा हा जन्माने पोर्तुगीज. पोर्तुगालची इसाबेल पाचव्या चार्ल्सशी लग्न होऊन स्पेनला गेली, तिच्या गोतावळ्याबरोबर हा लहानपणी तिकडे गेला आणि राजपुत्र फिलिपचा सोबती झाला. म्हणजे लुईसाचा पणजोबाच पोर्तुगीज. या लोकांच्यात ‘आपला देश’ हा प्रकार आपल्यासारखा नव्हता. घराणं होतं, बस.

ओसरी

@शंकासुर, मुद्दा शंभर टक्के मान्य. आणि आईकडे तर अजून एक पोर्तुगीज सापडते, ऐका.

आईचे वडील लेर्माचे ड्यूक. तिसऱ्या फिलिपचे लाडके, इतके की २० वर्षं स्पेन यांनीच चालवला. यांचा किस्सा बिल्डर मंडळींनी वाचण्यासारखा आहे. १६०१ साली यांनी राजधानी माद्रिदहून वायादोलिदला हलवली. हलवण्याआधी वायादोलिदमध्ये वाडे आणि जागा घेऊन ठेवल्या होत्या. पाच वर्षांनी राजधानी परत माद्रिदला, आणि तोवर माद्रिदच्या जागा पडेल भावात घेऊन झाल्या होत्या. पुढे चौकशीचा फास आवळत आला तेव्हा यांनी रोमकडून कार्डिनलपद (पोपच्या खालोखालचं, लाल झग्याचं) मिळवलं, कारण कार्डिनलला राजा फासावर चढवू शकत नाही. माद्रिदच्या रस्त्यावर लोक म्हणायला लागले की स्पेनचा सगळ्यात मोठा चोर फाशी चुकवायला लाल झगा घालून बसला! नात तेव्हा चार वर्षांची.

या लेर्मांची आई इसाबेल, आणि तिचे वडील फ्रान्सिस बोर्जा. म्हणजे लुईसाचे खापरपणजोबा. गांदियाचे ड्यूक होते, बायको गेल्यावर सगळं सोडून जेझुइट, म्हणजे एका ख्रिस्ती संघाचे पाद्री, झाले आणि १५६५ ते १५७२ त्या संघाचे मुख्य होते. १६७१ साली संत ठरले. त्यांची बायको लेओनोर दे कास्त्रो, ती पोर्तुगीज. आणि या संतांचे पणजोबा कोण? पोप सहावा अलेक्झांडर. हो, तोच बोर्जा पोप. म्हणजे एका बाईच्या वंशावळीत एक पोप, एक संत, एक लाल झग्यातला, एक बोट लागणारा आणि एक डोळ्यावर पट्टीवाली.

फोंड्याचो_पाव

अरे वा, म्हणजे आमच्या जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चातले फ्रान्सिस हेच काय?

ओसरी

नाही हो, ते फ्रान्सिस झेवियर. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, त्यांचं शरीर गोव्यात. हे बोर्जा आयुष्यात कधी हिंदुस्थानात आले नाहीत. पण ते मुख्य असताना गोव्यातले जेझुइट कागदोपत्री त्यांच्याच हाताखाली होते, एवढं नातं लावता येईल.

तांबडा_रस्सा

आणि हापूस? अफोन्सु राजावरून ना?

शंकासुर

रस्साराव, तो अफोन्सु वेगळा. हापूसचं नाव गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सु दे आल्बुकर्क याच्यावरून पडलं असं मानतात, आणि तो १५१५ सालीच गेला. सहाव्या अफोन्सुला आंब्याचं श्रेय देऊ नका, बिचाऱ्याला बायकोही टिकवता आली नाही. लग्न रद्द झालं आणि ती धाकट्या दिराशी लग्न करून पुढे पुन्हा तिथलीच राणी झाली.

तांबडा_रस्सा

प्रतिसाद मागे घेतो, आंबा घेतो.

ओसरी

आता लग्न. १६३३ साली लुईसाचं लग्न ब्रागांझाच्या आठव्या ड्यूकशी, जुआंवशी झालं. १५८० पासून पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली होता (आपली मुंबई-वसईही तेव्हा ओघानेच स्पेनच्या राजाची). पण पोर्तुगालच्या गादीवर हक्क सांगू शकेल असं सगळ्यात मोठं घराणं ब्रागांझाचं. म्हणून माद्रिदचा सर्वेसर्वा ओलिव्हारेस याने डोकं लढवलं, या घरात आपली मुलगी देऊन टाकू, नवरा आपोआप मुठीत राहील. ओलिव्हारेस स्वतः गुझमानांच्याच धाकट्या पातीचा. म्हणजे दुसऱ्या फिलिपचा लाडका तिचा पणजोबा, तिसऱ्याचा लाडका आजोबा, चौथ्याचा लाडका भाऊबंद. या मुलीला घरात गप्पा ऐकूनच राजकारण आलं असणार.

जुआंवला गाणं आणि शिकार प्रिय. व्हिला व्हिसोझाचा त्यांचा वाडा खाणीतून काढलेल्या स्थानिक संगमरवराचा, आणि आत त्याच्या संगीताच्या हस्तलिखितांचा ढीग. हा संग्रह पुढे लिस्बनला गेला आणि १७५५च्या भूकंपात नाहीसा झाला. याला राजा व्हायची काही घाई नव्हती. १६४० साली लिस्बनचे सरदार कट घेऊन आले तेव्हा हा हो-नाही करत बसला. आणि लुईसा म्हणाली म्हणे, जन्मभर डचेस राहण्यापेक्षा एक दिवस राणी झालेलं बरं. हे वाक्य तिच्या तोंडी नंतर घातलं गेलं असावं असं मला वाटतं, फारच ठाकठीक आहे. पण माहेरच्यांनी पाठवली ती लगाम म्हणून, आणि तिने घोड्याला टाच मारली, एवढं खरं.

तेजूवरून_टपाल

लिस्बनहून. तो कट पार पडला १ डिसेंबर १६४० ला, त्या दिवसाची इथे आजही सुट्टी असते. मधे काही वर्षं खर्चकपातीत बंद केली होती, लोक चिडले, २०१६ पासून परत. मी ऑफिसला जाताना रेस्तौरादोरेसच्या चौकातून जातो, तिथला ओबेलिस्क याच दिवसाचा. त्या सकाळी सरदार राजवाड्यात घुसले, मिगेल दे व्हास्कोन्सेलुस नावाचा स्पेनधार्जिणा सचिव कपाटात लपला होता, त्याला हुडकून मारला आणि खिडकीतून चौकात फेकला. माझ्या सहकाऱ्याने हे इतक्या आनंदाने सांगितलं की जणू परवाची गोष्ट. कपाटात कागदांचा आवाज झाला म्हणून सापडला, असंही म्हणतात.

शेवग्याची_शेंग

कपाटात कागद!! लिपिकाचं मरण. पण ओसरी, माहेरचं काय झालं ते सांगा की. भाऊ वगैरे?

ओसरी

@शेंग, भावाचंच सांगायचं होतं. मला सगळ्यात जास्त हसू आणि वाईट एकदमच वाटलं ते इथे.

भाऊ गास्पार, नववा ड्यूक. बहीण राणी झाल्यावर याच्या डोक्यात वारं शिरलं. १६४१ साली आयामोन्तेच्या मार्क्विसबरोबर मिळून अंदालुसियात उठाव करायचा बेत केला. बेत फुटला. गास्पारने ओलिव्हारेसच्या पायावर लोळण घेतली, सगळं कबूल केलं, आणि आपली निष्ठा पटवायला जगजाहीर आव्हान दिलं. कुणाला? बहिणीच्या नवऱ्याला! की ये, सीमेवर, व्हालेन्सिया दे आल्कान्ताराजवळ, माझ्याशी द्वंद्व खेळ. १ ऑक्टोबरपासून ८० दिवस तिथे थांबतो. आणि खरोखर थांबला हो. डिसेंबरच्या १९ तारखेपर्यंत. जुआंव अर्थातच फिरकला नाही.

आता डोळ्यासमोर आणा. थंडी वाढतेय, ड्यूक सरहद्दीवरच्या माळावर रोज चिलखत घालून उभा, भाऊजी येत नाहीत. पलीकडे बहीण लिस्बनच्या वाड्यात. तिला बातमी कळली असेल, ती काय म्हणाली असेल? याचा कागद मला कुठे दिसला नाही. आयामोन्तेला पुढे मृत्युदंड झाला. गास्पार जिवानिशी सुटला, पण सानलूकार हे घराण्याचं मुख्य बंदर राजाने काढून घेतलं. बहिणीच्या राणीपणाची किंमत माहेरने अशी मोजली.

वसईची_वाट

आमच्या वसईला या प्रकरणातला बळी मानतात ते उगाच नाही. मुंबई तेव्हा वसईच्या कारभाराखालची. पण तिने अख्खी मुंबई दिली तरी कशासाठी? एवढं काय अडलं होतं?

ओसरी

खूप अडलं होतं. थोडक्यात सांगायचं तर,

थोरला मुलगा तेओदोझियु, हुशार, १६५३ साली गेला. जुआंव १६५६ च्या नोव्हेंबरात. गादीवर १३ वर्षांचा आजारी अफोन्सु, आणि राज्य लुईसाकडे. स्पेनने सीमेवर एल्व्हासला वेढा घातला, तो जानेवारी १६५९ मध्ये पोर्तुगीजांनी मोडून काढला. पण त्याच वर्षी फ्रान्सने स्पेनशी तह केला आणि पोर्तुगालची मदत करणार नाही असं लिहून दिलं. लुईसाने मुलीसाठी चौदाव्या लुईचं स्थळ मनात धरलं होतं, तेही गेलं, त्याने स्पेनची राजकन्या केली. समुद्रावर डच लचके तोडत होते, सिलोन १६५८ मध्ये गेलंच होतं. पोप तर या घराण्याला राजे मानायलाच तयार नव्हता.

राहिला इंग्लंड. चार्ल्स नुकताच गादीवर आलेला, कर्जात बुडालेला, बिनलग्नाचा. स्पेनच्या वकिलाने त्याला दुसऱ्या स्थळांची लालूच दाखवली, हुंडा आम्ही भरतो म्हणाला. तेव्हा लुईसाने बोली लावली ती अशी, की कुणाला वर जाता येऊ नये. रोख २० लाख क्रुझादु (पोर्तुगीज नाणी), आफ्रिकेतलं टांजियर, ब्राझील आणि हिंदुस्थानातल्या व्यापाराच्या सवलती, आणि मुंबईचं बेट. बदल्यात इंग्रजांचं सैन्य आणि जहाजं. शिवाय एक गुप्त कलम, की डचांपासून पोर्तुगीजांचा हिंदुस्थान राखायला इंग्लंडने मदत करायची. म्हणजे तिच्या हिशोबी मुंबई ही बाकीचं वाचवायला दिलेली होती.

आणि ज्याला इंग्रजांच्या जहाजांनी १५८८ साली पळता भुई थोडी केली, त्याच्या नातीने स्पेनविरुद्ध इंग्रजांचीच जहाजं विकत घेतली, मुलगी आणि मुंबई देऊन. धागा काढला तो खरं तर एवढ्या एका गोष्टीसाठी.

शंकासुर

एकटीने नाही हं. लंडनमध्ये सगळी खटपट फ्रान्सिस्कु दे मेलु या वकिलाने केली, आणि चौदाव्या लुईने आतून चार्ल्सला याच लग्नासाठी ढकललं, स्पेन अडकून पडावा म्हणून. राणीबाईंच्या नावावर सगळं लावू नका.

ओसरी

लावत नाही. पण सही कुणाच्या अमलात झाली? पुस्तकात ‘राजाने’ लिहिताना कुणी असे फाटे फोडत नाही, मग ‘राणीने’ म्हटलं की का फोडावेत?

शंकासुर

बरं, हे घेतलं.

शेवग्याची_शेंग

हुंडा पूर्ण दिला का? लग्नघरातले प्रश्न मला आधी पडतात.

ओसरी

नाही ना! १६६२ च्या वसंतात इंग्लंडचा अर्ल ऑफ सँडविच आरमार घेऊन नवरीला न्यायला लिस्बनला आला. राणीने सांगितलं, सध्या निम्मंच आहे. तेही रोख थोडं, बाकी साखर, मसाले आणि हुंड्या. बिचारा सँडविच साखरेची पोती मोजून घेत बसला. कातारिना एप्रिलमध्ये निघाली आणि आईलेकींची पुन्हा भेट झाली नाही. २१ मे रोजी पोर्ट्समथला लग्न लागलं.

आणि मुलगी सासरी गेल्यावर काही आठवड्यांत मुलाच्या भोवतालच्या लोकांनी, कास्तेलु मेल्योरच्या काउंटने पुढाकार घेऊन, लुईसाच्या हातून कारभार काढला. नंतर ती मठात राहायला गेली. पणजीसारखी दासी घेऊन गेली की नाही, कोण जाणे.

तेजूवरून_टपाल

आणि इकडे सगळे म्हणतात कातारिनाने इंग्रजांना चहा शिकवला.

शंकासुर

तिने दरबारात रूढ केला म्हणा हवं तर. सॅम्युअल पेपीसने सप्टेंबर १६६० मध्येच लंडनमध्ये चहा पिऊन रोजनिशीत नोंद केली आहे.

वसईची_वाट

एक बोलू का? रागावू नका. या सगळ्यात "दिली, दिली" चाललंय. मुंबईत तेव्हा कोळी होते, भंडारी होते, आगरी होते. त्यांना कुणी विचारलं? मूळपुरुषाच्या पोराच्या आईचा प्रश्न तुम्ही विचारलात, तोच इथे लागू आहे.

ओसरी

@वसईची_वाट, रागावू कशाला, अगदी बरोबर आहे. विचारलं तर नाहीच, पण ज्यांच्या हातात होती तेही सोडेनात. इंग्रजांची जहाजं सप्टेंबर १६६२ मध्ये मुंबईसमोर येऊन उभी राहिली, पोर्तुगीजांनी बेट दिलं नाही. इंग्रजांचा प्रमुख अब्राहम शिपमन चारशेच्या आसपास माणसं घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसला. तिथे तापाने तो आणि बहुतेक माणसं गेली, शंभराच्या मागेपुढे उरली. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु दे मेलु इ कास्त्रु याने राजाला लिहिलं की इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला समजा. ऐकलं नाही, त्याला बेट द्यावंच लागलं. तेही फक्त मुंबईचं, माहीम वगैरे नाही, म्हणून पुढे वेगळी भांडणं.

वसईची_वाट

आणि माहीम इंग्रजांनी लगेच गिळलंच. पुढचं १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी आमच्याकडे काय केलं ते सर्वांना माहीत आहे.

तांबडा_रस्सा

कालरेषा जुळवून बघत होतो. तह जून १६६१, म्हणजे उंबरखिंडीनंतर चार महिन्यांनी. महाराज कोकणात उतरले होते आणि ही बाई लिस्बनमध्ये बसून कोकणातलं एक बेट मुलीच्या पदरात टाकत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

शेवग्याची_शेंग

मग तिला तिच्या पैशाचं काही मिळालं का शेवटी?

ओसरी

मिळालं, आणि बऱ्यापैकी मिळालं. इंग्रज पलटणी पोर्तुगालात उतरल्या. १६६३ ला आमेशियाल आणि १७ जून १६६५ ला मोन्तेस क्लारुस, दोन्ही लढायांत त्या होत्या. मोन्तेस क्लारुस कुठे आहे बघा, व्हिला व्हिसोझाच्या शेजारी. स्पॅनिश सैन्याने वेढा घातला होता तो तिच्या सासरच्या गावाला, जिथे कातारिना जन्मली. ही लढाई जिंकल्याची बातमी तिला मठात कळली असणार. २७ फेब्रुवारी १६६६ ला ती वारली. स्पेनने पोर्तुगालला स्वतंत्र मानलं १६६८च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी मार्चमध्ये चार्ल्सने मुंबई कंपनीला देऊन टाकली, वर्षाला १० पौंड भाड्याने.

तांबडा_रस्सा

१० पौंड?! आमच्या इमारतीच्या पार्किंगचं...

ओसरी

नको, आकडा सांगू नका, रडू येईल.

ताबा कसा दिला तेवढं सांगते आणि स्वयंपाकाला लागते. १८ फेब्रुवारी १६६५. जागा, मुंबई बेटावरचा मोठा वाडा. मालकीण दोना इनेझ दे मिरांदा, दों रोद्रिगु दे मोन्सांतुची विधवा. इंग्रजांकडून हम्फ्रे कूक आला, कागद वाचले, सह्या झाल्या. मग रिवाजाप्रमाणे त्याने तिथली माती आणि दगड हातात घेतले आणि तटावरून चालून आला. ताबा पूर्ण. आता भाचीने पुन्हा विचारलं की कुणी दिली, तर एक विधवा लिस्बनमध्ये आणि दुसरी तिच्याच ओसरीवर उभी, एवढं सांगणार आहे. परीक्षेत मात्र ‘राजाने’ असंच लिही म्हटलंय.

शेवग्याची_शेंग

परीक्षेत मार्क कापले तर आमच्याकडे पाठवा भाचीला. आणि दोना इनेझवर वेगळा धागा काढा.